पिवळ्या गळ्याची चिमणी

मित्रांनो, आमच्या बुवापाड्यातून अंबरनाथ स्टेशन गाठायचं म्हणजे रोजची पळापळ. लोकल चुकली की पहिलं लेक्चर गेलं, आणि पहिलं लेक्चर गेलं की अटेंडन्स गेला! त्यामुळे वाटेत मान वर करून बघायची सवय आपल्याला नाही. पण गेल्या पावसाळ्यात एक दिवस लोकल डोळ्यांदेखत सुटली, घाई संपली आणि परतताना नाल्याकाठच्या बाभळीकडे लक्ष गेलं. काळ्या पाण्यावर वाकलेल्या फांद्यांना सुगरणीचे दहा-बारा खोपे लटकत होते. काही पुरे झालेले, खाली लांब नळी असलेले. काही मात्र अर्धवट, हेल्मेटसारखे उघडे आणि तसेच सोडून दिलेले. बरोबर सिव्हिलचा मित्र होता. एवढी मेहनत करून काम अर्धवट का टाकलं, बिल्डर पळाला की काय, असं त्याने विचारलं. हसलो आम्ही, पण खरं उत्तर दोघांनाही ठाऊक नव्हतं.

ते उत्तर एका माणसाने १९३० सालीच शोधून ठेवलंय, आणि तेही आपल्यापासून फार दूर नाही, अलिबागजवळच्या किहीम गावात. त्या वेळी हा माणूस चौतिशीत होता, बेकार होता आणि त्याच्याकडे धड डिग्रीही नव्हती. त्याचं नाव डॉ. सलीम अली. आपल्या देशात आज शंभराहून जास्त राष्ट्रीय उद्यानं आणि साडेपाचशेहून जास्त अभयारण्यं आहेत. हा पसारा उभा राहण्यामागे ज्या मोजक्या माणसांचा हात आहे, त्यांत या माणसाचं नाव फार वर घ्यावं लागतं. त्यांची ही गोष्ट.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांतलं हे शेंडेफळ. पण सलीम वर्षाचा असताना वडील गेले आणि तीन वर्षांचा असताना आईही गेली. मग मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी ही सगळी पोरं आपल्या खेतवाडीच्या घरात वाढवली. घर माणसांनी भरलेलं. मामा शिकारीचे शौकीन, त्यामुळे पोराच्या हातात एअरगन आली. त्या काळी मोठ्या घरांतून शिकार म्हणजे क्रिकेटसारखाच एक खेळ होता. शिकारीची गोष्ट निघाली की डोळे विस्फारायचे, पक्षी वाचवावा वगैरे कुणाच्या मनातही नसायचं. आपला नायक चिमण्या मारायचा, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

पण या पोराची एक खोड वेगळी होती. तो मारायचा आणि लिहून ठेवायचा. घराच्या तबेल्यात एका चिमणीचं घरटं होतं. आत मादी अंड्यांवर, बाहेर खुंटीवर नर पहाऱ्याला. सलीमने तो नर टिपला. थोड्या वेळात मादीबरोबर दुसरा नर हजर! तोही टिपला, तर तिसरा आला. आठवडाभरात असे आठ नर गेले आणि प्रत्येक वेळी जागा भरली गेली. नऊ-दहा वर्षांच्या मुलाने हे सगळं वहीत टिपून ठेवलं. पुढे कित्येक वर्षांनी ती नोंद शास्त्रीय नियतकालिकात छापण्याच्या लायकीची ठरली. आपण जर्नलमधली रीडिंग्ज शेवटच्या दिवशी मित्राच्या फाईलवरून उतरवतो, त्यामुळे ही गोष्ट वाचताना मला जरा ओशाळल्यासारखं झालं.

मग एक दिवस एअरगनने एक निराळीच चिमणी पडली. दिसायला नेहमीसारखी, पण गळ्यावर हळद सांडल्यासारखा पिवळा ठिपका. ही कुठली चिमणी? आणि आपल्याला ही खायला चालते का? दोन प्रश्न घेऊन पोरगा मामांकडे गेला. मामांनाही सांगता येईना. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे, म्हणजे बीएनएचएसचे जुने सभासद होते. त्यांनी चिठ्ठी दिली आणि सलीमला सोसायटीचे सेक्रेटरी मिलर्ड साहेबांकडे फोर्टात पाठवलं. गोऱ्या साहेबासमोर उभं राहायचं म्हणून पोराचे पाय लटपटत होते. पण मिलर्ड यांनी चिमणी बघितली, तिचं नाव सांगितलं आणि कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले. वाचायला पुस्तकं दिली. पक्ष्याची कातडी काढून ती कशी टिकवायची, हे शिकवायचीही सोय केली. एका शाळकरी मुलासाठी मोठ्या माणसाने घालवलेला तेवढा तास! त्या तासाने पुढची ऐंशी वर्षं ठरवली. वयाच्या ८९ व्या वर्षी, १९८५ साली, त्यांनी आत्मचरित्र लिहिलं तेव्हा त्याच्या नावातही ती पडलेली चिमणी आली, ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’.

शिक्षणाचा मात्र सगळाच आनंद होता. सारखी डोकेदुखी, त्यात गणिताशी वैर. १९१३ साली मॅट्रिक कशीबशी सुटली. कॉलेजात गेले तर लॉगॅरिथमने घाम फोडला. (एम-वन, एम-टूच्या केट्या मिरवणाऱ्यांनी इथे मनातल्या मनात टाळ्या वाजवायला हरकत नाही.) पहिल्याच वर्षी कॉलेज सोडून ते ब्रह्मदेशात तावॉयला गेले. तिथे घरच्या लोकांच्या वुल्फ्रॅमच्या, म्हणजे टंगस्टनच्या खाणी होत्या आणि लाकडाचा धंदा होता. पहिलं महायुद्ध सुरू झालं होतं, पोलादाला टंगस्टन हवं होतं, पैसा मिळायला हवा होता. पण व्यवस्थापक साहेब सापडायचे जंगलात, दुर्बीण लावून. धंद्याचं व्हायचं तेच झालं. पुढे काही काळाने तो बुडाला.

१९१७ साली परत आल्यावर दावर्स कॉलेजात कायदा आणि हिशेबनिशी शिकायला सुरुवात झाली. सेंट झेवियर्सच्या फादर ब्लॅटर यांनी या मुलाचा खरा कल ओळखला आणि त्याला प्राणिशास्त्राच्या वर्गाला बसवलं. सकाळी जमाखर्च, नंतर प्राणिशास्त्र! कोर्स पुरा झाला, पण विद्यापीठाची रीतसर पदवी काही पदरात पडली नाही. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी लग्न झालं. पदवी नसल्यामुळे पुढे झूऑलॉजिकल सर्व्हेतली पक्षिशास्त्रज्ञाची जागा हुकली. अखेर १९२६ साली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, महिना ३५० रुपयांवर गाइड लेक्चररची नोकरी लागली. शाळेच्या मुलांना पेंढा भरलेले प्राणी समजावून सांगायचे, हे काम.

दोन वर्षांत त्याचाही कंटाळा आला. नुसतं दाखवत बसण्यापेक्षा हे शास्त्र मुळापासून शिकावं असं वाटून १९२८ साली रजा काढून ते बर्लिनला गेले आणि एर्विन श्ट्रेझेमान या मोठ्या पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखाली राहिले. पक्षी मारून, लेबल लावून खणात ठेवला की शास्त्र संपत नाही, तर जिवंत पक्षी काय करतो, कसा जगतो हे बघणं म्हणजे शास्त्र, ही नजर तिथे पक्की झाली. १९३० साली मोठ्या उमेदीने मुंबईला उतरले, तर बातमी तयार होती. पैसे नाहीत म्हणून म्युझियमने ती जागाच रद्द केलेली!

शिकून आला, जग बघून आला आणि घरी बसला. आजही कॅम्पसमध्ये सिलेक्शन न झालेल्या पोराला हे दुःख वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मुंबईत राहणं परवडेना म्हणून नवरा-बायको किहीमला समुद्राकाठच्या छोट्या घरात राहायला गेले. तिथे घराजवळच सुगरणींची वसाहत होती. हातात काम नव्हतं, वेळ भरपूर होता. मग हा गृहस्थ घरट्यांसमोर आडोसा करून रोज तासन्‌तास बसू लागला.

आणि मित्रांनो, इथे आमच्या बाभळीचं कोडं सुटतं. बहिणाबाईंच्या कवितेमुळे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय की खोपा विणते ती सुगरण, म्हणजे आई. प्रत्यक्षात विणतो तो नर! तो गवताच्या पट्ट्या फाडून आणतो आणि हेल्मेटच्या आकारापर्यंत काम नेतो. मग माद्यांची टोळी साइट व्हिजिटला येते. आत शिरून, ओढून-ताणून बघते. मादीला पसंत पडलं तर ती तिथेच मुक्काम ठोकते आणि नर पुढची नळी विणून घर पुरं करतो. नापसंत झालं तर तो सांगाडा तसाच सोडून नवा सुरू. बरं, एक घर लागलं की हे महाशय शेजारी दुसऱ्या मादीसाठी दुसरं घर विणायला घेतात. म्हणजे आमच्या नाल्यावरचे अर्धवट खोपे म्हणजे पळालेला बिल्डर नव्हे, तर रिजेक्ट झालेले फ्लॅट! किहीमच्या या निरीक्षणांवरचा लेख सोसायटीच्या जर्नलमध्ये आला आणि जाणकारांमध्ये सलीम अलींचं नाव झालं. बेकारीतलं ते वर्ष त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात कामाचं वर्ष ठरलं.

नाव झालं, पण पगाराचं काय? त्यांनी एक अजब मार्ग काढला. त्या काळी देशात मोठमोठी संस्थानं होती आणि बहुतेकांच्या जंगलात कुठले पक्षी आहेत याची नीट मोजदाद झालेली नव्हती. सलीम अलींनी त्यांच्यासमोर प्रस्ताव ठेवला की प्रवासाचा आणि तंबूचा खर्च तुम्ही करा, माझं काम फुकट. हैदराबाद संस्थान तयार झालं, मग त्रावणकोर-कोचीन, आणि नंतर एकेक करत बराचसा देश. बैलगाडी, तंबू, कंदील, चिखल. या सगळ्यात तेहमिना बरोबर असत. सुखवस्तू घरात वाढलेल्या या बाईंनी जंगलातला संसार हसतमुखाने केला. नवऱ्याच्या लिखाणातलं इंग्रजी सुधारण्यातही त्यांचा मोठा वाटा होता. १९३९ साली एका छोट्या ऑपरेशननंतर तेहमिना गेल्या. सलीम अली तेव्हा अवघे ४२ वर्षांचे होते. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. बहीण कामू आणि मेव्हण्यांच्या घरी राहायला गेले आणि उरलेलं सगळं आयुष्य पक्ष्यांच्या कामाला दिलं.

१९४१ साली ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ निघालं. रंगीत चित्रं आणि साधी भाषा. पक्षी ओळखणं ही साहेबांची मक्तेदारी या पुस्तकाने मोडली. शाळामास्तर, कारकून, डॉक्टर, विद्यार्थी दुर्बीण घेऊन बाहेर पडले. पुढे अमेरिकन शास्त्रज्ञ डिलन रिप्ले यांच्याबरोबर भारत आणि पाकिस्तानच्या पक्ष्यांवरचा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. शेवटचा खंड आला तेव्हा सलीम अली ७७ वर्षांचे होते. आपल्याला चार जणांत मिळून एक प्रोजेक्ट रिपोर्ट वेळेत होत नाही!

मेकॅनिकलवाल्यांसाठी थोडं विषयांतर. या माणसाला दुसरं वेड होतं ते मोटरसायकलींचं. ब्रह्मदेशात पहिली एनएसयू घेतली, तेव्हापासून हार्ले-डेव्हिडसन, डग्लस, स्कॉट, झेनिथ अशा कितीतरी गाड्या झाल्या. १९५० साली स्वीडनमध्ये उपसाला इथे जागतिक पक्षिशास्त्र परिषद होती. हे आपली सनबीम बोटीवर चढवून युरोपात घेऊन गेले आणि तिथून मोटरसायकलवरच निघाले. फ्रान्समध्ये लहानसा अपघात झाला, जर्मनीच्या दगडी रस्त्यांवर बऱ्याचदा आपटले. सामानाने लादलेल्या गाडीवर हे ५३ वर्षांचे गृहस्थ परिषदेच्या दारात उतरले, तेव्हा हा माणूस थेट भारतातून गाडी चालवत आला, अशी बातमी सगळीकडे पसरली. आयुष्यात बीएमडब्ल्यू घेता आली नाही, ही हुरहुर मात्र शेवटपर्यंत राहिली.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. आपल्याकडे राखीव जंगलांची कल्पना आली ती बरीचशी शिकारीसाठी. राजेसाहेबांनी आणि लाटसाहेबांनीच मारावं, बाकी कुणी नाही, म्हणून राखीव. निसर्गासाठी म्हणून पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं ते १९३६ साली, हेली नॅशनल पार्क, म्हणजे आजचं कॉर्बेट. आपल्या महाराष्ट्रात पहिलं ताडोबा, १९५५ साली. पण स्वातंत्र्याच्या वेळी सगळीकडे भुकेचा प्रश्न होता. धान्य पिकवायला जमीन हवी, विजेसाठी धरणं हवीत. पक्ष्यांसाठी जागा ठेवा हे बोलणाऱ्याकडे लोक वेडा म्हणून बघायचे. शिवाय इंग्रज गेल्यावर बीएनएचएसलाही घरघर लागली होती. सलीम अलींनी थेट पंतप्रधान नेहरूंना लिहून मदत मिळवली आणि १८८३ साली सुरू झालेली ती संस्था जगवली.

राजस्थानातल्या भरतपूरची गोष्ट तर आपण इंजिनीअरांनी मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. तिथलं केवलादेवचं पाणथळ हे नैसर्गिक सरोवर नाही. सखल जमिनीत बंधारे घालून, अजान बंधाऱ्यातून पाटाने पाणी सोडून, दारं वर-खाली करून भरतपूरच्या राजांनी ते तयार केलं, बदकांच्या शिकारीसाठी. पाणी आलं तसे पक्षी आले आणि पक्ष्यांमागून व्हाइसरॉय आले. केवलादेवाच्या देवळाजवळच्या दगडी पाट्यांवर कुठल्या दिवशी किती पक्षी मारले ते आकडे कोरलेले आहेत. सगळ्यात मोठा आकडा लॉर्ड लिनलिथगो आले होते त्या दिवसाचा, ४२७३. तारीख १२ नोव्हेंबर १९३८. योगायोग बघा, सलीम अलींचा तो ४२ वा वाढदिवस!

स्वातंत्र्यानंतर मागणी आली की हे पाणी आटवा आणि जमीन शेतीला द्या. मागणी चुकीची म्हणावी अशी नव्हती, आजूबाजूला गरीब शेतकरीच होते. सलीम अलींनी पुन्हा नेहरूंपर्यंत धाव घेतली आणि पाणी वाचलं. १९५६ साली तिथे पक्षी अभयारण्य झालं, तरी राजेसाहेबांचा शिकारीचा हक्क १९७२ पर्यंत चालूच होता. पुढे सलीम अलींच्या माणसांनी तिथे हजारो पक्ष्यांच्या पायात कड्या घातल्या. त्यातून कुठला पक्षी हिमालयापलीकडून कुठून येतो, ते कळू लागलं. १९८५ साली युनेस्कोने केवलादेवला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

केरळातल्या सायलेंट व्हॅलीचा लढा तर विजेशीच होता. कुंतीपुळा नदीवर धरण बांधून वीज काढायची योजना होती. त्यात सुमारे आठ चौरस किलोमीटर घनदाट जंगल बुडणार होतं. केरळच्या विज्ञान चळवळीतल्या मंडळींनी रान उठवलं. सलीम अलींनी प्रत्यक्ष जंगल पाहून योजना रद्द करावी असं सरकारला कळवलं. म्हाताऱ्याच्या शब्दाला वजन होतं, कारण तो बोलायच्या आधी बघायचा. योजना मागे पडली आणि १९८४ साली सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाली.

इथेच लेख संपवला असता तर थोर पुरुषाचं चरित्र छान गोड झालं असतं. पण भरतपूरचा पुढचा भाग सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांत मोठा फरक आहे. अभयारण्यात गावकऱ्यांचे काही हक्क चालू राहू शकतात, परवानगीने गुरं चरू शकतात. राष्ट्रीय उद्यानात गुरांना पूर्ण बंदी. १९८२ साली केवलादेव राष्ट्रीय उद्यान झालं आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे म्हशी चारणाऱ्या गावांना एकदम दार बंद झालं. गुरं बाहेर ठेवावीत हे मत सलीम अलींचं आणि त्यांच्या संस्थेचंही होतं. गावकरी चिडले, म्हशी घेऊन आत घुसले, गोळीबार झाला आणि त्यात माणसं मेली. पक्ष्यांच्या उद्यानाच्या दारात माणसं मेली!

आणि पुढे काय निघालं? बीएनएचएसनेच १९८० पासून तिथे दहा वर्षांचा अभ्यास चालवला होता. पाण्याचं माप, गवताचं माप, पक्ष्यांची मोजणी, सगळं काटेकोर. त्यातून दिसलं की म्हशी गेल्यावर पाण्यातलं गवत बेसुमार वाढलं, उघडं पाणी कमी झालं आणि कितीतरी पाणपक्षी घटले. म्हणजे म्हैस ही त्या व्यवस्थेची शत्रू नव्हती, त्या यंत्रातला एक भाग होती. आपण तो अनावश्यक समजून काढून टाकला आणि मशीन बिघडलं. तिथे दर हिवाळ्यात येणारे सायबेरियन क्रौंचही पुढे कमी होत गेले, त्याला वाटेतल्या शिकारीसारखी इतरही कारणं होती, आणि २००२ नंतर ते तिथे दिसलेलेच नाहीत.

हे वाचल्यावर मी दोन दिवस अस्वस्थ होतो. ज्याच्यामुळे भरतपूर वाचलं त्याचाच सल्ला भरतपूरला महागात पडला. मग त्याला मोठा म्हणायचं का? मला वाटतं, म्हणायचं. कारण चूक दाखवली ती कुणा विरोधकाच्या भाषणाने नाही, तर त्यांच्याच संस्थेच्या, त्यांनीच शिकवलेल्या पद्धतीच्या मोजणीने. लहानपणी तबेल्यात बसून चिमण्या मोजणाऱ्या मुलाने जी सवय लावली, तिनेच म्हातारपणीच्या मताला खोटं ठरवलं. शास्त्रात माणसाच्या नावापेक्षा रीडिंग मोठं, असं आपण व्हायव्हात घोकतो. त्याचा अर्थ मला इथे कळला. फक्त एक गोष्ट मनाला लागून राहते. मोजणी पुरी व्हायच्या आधी दार बंद झालं, आणि म्हशीवाल्यांना कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर कदाचित त्यांनीच सांगितलं असतं की म्हैस चरली की पाणी मोकळं राहतं.

मानसन्मान भरपूर मिळाले. १९५८ साली पद्मभूषण, १९७६ साली पद्मविभूषण, पदवी नसलेल्या माणसाला विद्यापीठांच्या मानद डॉक्टरेट, १९८५ साली राज्यसभेवर नेमणूक. आंतरराष्ट्रीय गेटी पुरस्काराची मोठी रक्कम मिळाली तीही निसर्गरक्षणाच्या निधीत गेली. १९८६ च्या जानेवारीत आंध्रात जेर्डनचा धाविक हा नामशेष समजला गेलेला पक्षी बीएनएचएसच्या तरुण शास्त्रज्ञाने पुन्हा शोधला. तेव्हा नव्वदीला टेकलेले सलीम अली तो बघायला तातडीने निघाले. २० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. गोव्यात मांडवीच्या काठी चोडण बेटावर त्यांच्या नावाचं पक्षी अभयारण्य आहे, कोइमतूरला त्यांच्या नावाचं संशोधन केंद्र आहे, आणि एका दुर्मिळ वटवाघळालाही त्यांचं नाव आहे.

आता परत बुवापाड्याकडे. आपल्याला निसर्ग बघायचा म्हणजे कुठेतरी लांब जायचं असं वाटतं. तसं जवळही आहे म्हणा. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, पनवेलपुढे कर्नाळ्याचं पक्षी अभयारण्य आहे, ठाण्याच्या खाडीत २०१५ पासून फ्लेमिंगोंचं अभयारण्य आहे. पण वालधुनीच्या आसपासच्या आमच्या नाल्यांना कुठला दर्जा मिळणार? तिथे पाण्याचा रंगसुद्धा रोज वेगळा असतो. आणि तरी त्या पाण्यावर सुगरणी घरं विणतात.

त्या नाल्याला काँक्रीटची भिंत बांधायचं काम सरकत सरकत बाभळीपर्यंत आलंय. भिंत नको असं मी म्हणणार नाही. २६ जुलै २००५ चं पाणी आमच्या भागातली मोठी माणसं अजून विसरलेली नाहीत. खालच्या चाळीतल्या मावशींना पावसाळ्यात झोप येत नाही, त्यांना भिंत हवीच. मला आधी वाटलं होतं, झाडासाठी आपण आंदोलन वगैरे करावं. पण भरतपूर वाचल्यावर मी आधी मावशींकडे गेलो आणि मग वही घेतली. सिव्हिलच्या मित्राने नाल्याची रुंदी मोजली, मी जूनपासून खोपे मोजले. बावीस खोपे, त्यांतले नऊ अर्धवट. सप्टेंबरअखेर पिल्लं उडून गेली आणि झाड रिकामं झालं. म्हणजे फांद्या तोडायच्याच असतील तर जून ते सप्टेंबर सोडून तोडाव्या, आणि भिंत झाडापाशी दोन मीटर आत घेतली तरी पाणी जायला रुंदी पुरते. एवढंच लिहून, मापं जोडून, आम्ही अर्ज दिलाय. मावशींनी पहिली सही केली.

अर्जाचं काय होईल ते होईल. वही मात्र बंद केलेली नाही. यंदा लोकल चुकली तर तुम्हीही एकदा मान वर करून बघा, मित्रांनो. आणि जे दिसेल ते लिहून ठेवा, तारखेसकट.